एक पाटा वर, एक वेढा खाली

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. तो कधी आणि कुणी बांधला, हे गल्लीत कुणालाच सांगता येत नाही. एका सकाळी उठून बघतो तर तो होता, एवढंच. गेल्या वर्षी गणपतीला कोकणात निघालो तेव्हा माझी १९९८ ची झेन त्याच्यावर चढली, पुढची चाकं पलीकडे उतरली आणि गाडीच्या पोटाखालून खर्रर्र असा लांबलचक आवाज आला. मागे बायको आणि दोन भाचरं, डिकीत नारळ, सतरंज्या, मखराचं सामान. पुढे माझ्या शेजारी मामा. मामांनी आधी आवाज संपू दिला, मग म्हणाले, “आमच्या पद्मिनीला मी याच्यासाठीच एक पाटा वाढवून घेतला होता. आणि तू म्हणे गाडी अजून खाली बसवणार!”

मामांच्या कानावर ही बातमी कशी गेली होती कोण जाणे, पण ती खरी होती. गाडी अंमळ खाली बसलेली असावी, चाक मडगार्डच्या कमानीत भरून दिसावं, वळणावर ती कलंडू नये, ही माझी कॉलेजपासूनची हौस. तेव्हा पैसे नव्हते. आता थोडे आहेत आणि गाडी तीच आहे. प्रश्न दोनच होते, स्प्रिंग कुठली आणि टायर कुठल्या मापाचे. दोन रविवारांत सुटतील असं वाटलं होतं. त्यांनी वर्ष खाल्लं.

पद्मिनीचा पाटा

मामांच्या पाट्याची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण गाडीची उंची म्हणजे काय हे मला तिच्यातूनच कळलं.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघाली आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने धावू लागली. १०८९ सीसीचं इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग आणि मागे सरळ अ‍ॅक्सलला पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या. टायर ५.२०-१४ मापाचे, म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच रुंद आणि चांगले उंच. मुंबईच्या रस्त्यांवर ही गाडी एवढी मुरली की काळी-पिवळी म्हटलं की डोळ्यांपुढे तीच येई. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचाही निरोप झाला.

मामा गिरगावातले. त्यांची गाडी खासगी, पण वापर टॅक्सीला लाजवणारा. टपावर कॅरियर, आत सहा माणसं आणि दर गणपतीला कोकण. पाट्यांची कमान कालांतराने सपाट होते आणि गाडीचा पार्श्वभाग बसतो. यावर तेव्हाचा सर्वमान्य उपाय म्हणजे पाटे उतरवून त्यांची कमान पुन्हा ठोकून घ्यायची आणि वर एक पाटा वाढवायचा. गाडी दोन बोटं वर येते आणि ओझ्याखाली कमी दबते. बदल्यात रिकामी गाडी खड्ड्यात बकरीसारखी उड्या मारते. “रिकामी गाडी नेतोय कोण?” हा मामांचा युक्तिवाद होता आणि त्यांच्या घरातली माणसं मोजली तर तो बिनतोड होता.

मामांची पिढी गाडी वर उचलायची, आमची खाली आणते, म्हणून मी स्वतःला उगीच आधुनिक समजत होतो. दोघांच्या हातातला प्रश्न मात्र एकच होता. गाडी भरली की ती किती बसते, आणि बसल्यावर तिच्याखाली किती जागा उरते?

आधी फूटपट्टी

झेन १९९३ साली आली आणि २००६ पर्यंत बनली. तीच गाडी युरोपात सुझुकी ऑल्टो या नावाने विकली जायची. ९९३ सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन आणि जेमतेम पाऊण टनाचं अंग, त्यामुळे ती चपळ. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरची. ब्रिटनमधल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांनी ती १९५० च्या सुमारास रस्त्यावर आणली आणि लहान गाड्यांच्या जगाने ती उचलून धरली. झेनच्या मागच्या बाजूला सरळ अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंगा.

गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे तिच्या पोटाखाली १६५ मिलिमीटर जागा. एका रविवारी सोसायटीच्या सपाट फरशीवर गाडी उभी केली, टायरमध्ये हवा नेमकी भरली आणि आडवा पडून पट्टी लावली. सायलेन्सरच्या जोडापाशी १४७ भरले. पुन्हा मोजले, पुन्हा १४७.

माझी गाडी न सांगता १८ मिमी खाली आलेली होती. त्यातले चारेक मिमी टायरची नक्षी झिजल्याचे, बाकीचे स्प्रिंगा बसल्याचे. ड्रायव्हरच्या बाजूला तर ती आणखी ७ मिमी कललेली निघाली. पंचवीस वर्षं बहुतेक वेळ मी एकटाच तीत बसलो, त्याची ती नोंद.

याबाबत गॅरेजमध्ये एक समज पक्का आहे, की जुनी स्प्रिंग ‘मऊ’ होते. तसं होत नाही. पोलादाची लवचिकता वयाने कमी होत नाही. स्प्रिंगची लांबी कायमची थोडी खचते, एवढंच. म्हणजे दर मिलिमीटरला ती पूर्वी जेवढा जोर लावायची तेवढाच आजही लावते, फक्त सुरुवात खालून करते. मऊपणा जाणवतो तो शॉकअप आणि बुश थकल्यामुळे.

मेकॅनिकने एक गंमत सुचवली. पुढच्या शॉकअपचा रबरी भाता वर सरकवून आतल्या चकचकीत दांड्यावर एक प्लॅस्टिकची झिप-टाय बांधायची. शॉकअप दबला की टाय वर ढकलली जाते आणि तिथेच राहते. आठवडाभर नेहमीच्या रस्त्यांवर गाडी फिरवा, मग बघा चाक किती वर येतं. आठवड्याने भाता सरकवला तर टाय थेट वरच्या बंपस्टॉपला टेकलेली. बंपस्टॉप म्हणजे चाक फारच वर आलं तर धक्का झेलणारा स्पंजासारखा ठोकळा. त्याला बोट लावलं आणि तो हातात आला. ठोकळा कसला, गव्हाच्या कोंड्यासारखा पिवळा भुगा! गाडी खाली आणायच्या गप्पा मी मारत होतो त्या अशा अवस्थेत.

तेव्हा पहिला खर्च ठरला. चार शॉकअप, चार बंपस्टॉप, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्ट्रटच्या वरच्या टोपीचं बेअरिंग. नाना पेठेत दोन चकरा झाल्या. जुनी गाडी खाली आणण्याआधी ती मूळ जागी आणावी लागते. नाहीतर पुढचं प्रत्येक माप खोट्या जमिनीवरून घेतलेलं असतं.

टायरचं गणित

स्प्रिंगच्या आधी टायर ठरवायचा, हे मला उशिरा उमगलं. टायर बदलला की गाडीची उंची, स्पीडोमीटर, गिअरचा ओढा आणि कमानीतली फट, सगळंच हलतं.

माझ्या गाडीचा टायर १४५/७० आर १३. म्हणजे रुंदी १४५ मिमी, कडेची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि रिम १३ इंची. कडेची उंची १०१.५ मिमी येते. ती दोनदा धरली आणि १३ इंचांचे ३३०.२ मिळवले की टायरचा व्यास ५३३.२ मिमी. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला आणि दुकानदाराने सुचवलेलं प्रत्येक माप त्याच्याशी ताडून पाहिलं.

१५५/६५ आर १३ चा व्यास ५३१.७. फरक नगण्य, रुंदीत एक सेंटीमीटरची भर. सज्जन निवड, कुणाला कळणारही नाही.

१७५/६० आर १३ चा व्यास ५४०.२. वाढ १.३ टक्के. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८१ ने धावत असेल. रुंदी तीन सेंटीमीटर जास्त, तरी कडेची उंची १०५ मिमी. म्हणजे मूळ टायरपेक्षा खड्ड्यासाठी उशी किंचित जास्तच.

१६५/६० आर १४ चा व्यास ५५३.६, वाढ ३.८ टक्के. १४ इंची रिम दिसायला देखणी, पण दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना लिटरभराच्या इंजिनाला ही वाढ जाणवणार. शिवाय कडेची उंची ९९ वर येते आणि मोठी रिम जड असते. स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे चाकाच्या बाजूचं वजन जितकं कमी तितकं चाक रस्त्याला धरून राहतं. तिथे वाढवलेला एक किलो डिकीतल्या एका किलोसारखा मुकाट बसून राहत नाही, प्रत्येक खड्ड्यात तो नाचतो.

दुकानातल्या पोराने १५ इंची रिमही पुढे केली. “साहेब, लुक बघा!” तिला लागणाऱ्या ५० टक्क्यांच्या टायरची कड जेमतेम ८७ मिमी निघत होती. पावसाळ्यातल्या आमच्या रस्त्यांवर ती रिम किती गणपती बघेल, याचा हिशेब मी त्याच्यासमोर केला नाही.

मी १७५/६० कडे झुकलो. त्याला रिम किमान ५ इंच रुंद लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर त्याच्या कडा फुगतात आणि वळणावर तो डुलतो. म्हणजे रिम बदलणं आलं. इथे जुन्या मारुतीचा एक पेच आहे. ८००, झेन आणि एस्टीमच्या चाकांचे चार नट ११४.३ मिमी व्यासाच्या वर्तुळावर बसतात, नेमके साडेचार इंच. पुढच्या पिढीच्या स्विफ्टमध्ये हे वर्तुळ १०० मिमीचं झालं. बाजारात आज भरभरून मिळणाऱ्या रिमा १०० च्या, आणि आम्हाला हव्या ११४.३ च्या. ‘भोक वाढवून बसवून देतो’ म्हणणारेही भेटले. चाक नटांवर नीट केंद्रित न बसणं म्हणजे काय, हे ज्याला ८० च्या वेगात कळतं त्याला ते दुसऱ्यांदा कळायची संधी मिळेलच असं नाही. कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात दोन शनिवार घालवल्यावर एस्टीमला बसणाऱ्या साडेपाच इंची चार रिमा मिळाल्या. एक किंचित वाकडी होती, ती सोडून दुसरी आणली. आतल्या बाजूला स्ट्रटपासून आणि बाहेर मडगार्डपासून किती जागा उरते, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बोटांनी तपासलं.

टायरवर आणखी दोन गोष्टी वाचायच्या असतात. पहिली भाराचा आकडा. ७१ म्हणजे एका टायरला ३४५ किलो, ७७ म्हणजे ४१२. नवा टायर जुन्यापेक्षा कमी भाराचा चालत नाही. दुसरी जन्मतारीख. डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. माझ्या जुन्या टायरवर २३१७ होतं, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी बरी होती, पण कडेवर केसाएवढ्या भेगांची जाळी पडली होती. कमी फिरणाऱ्या जुन्या गाडीचे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारे होऊन मरतात.

भोसरीतला धडा

झेनसाठी चांगल्या घडणीची तयार लोअरिंग स्प्रिंग मला कुठे मिळाली नाही. म्हणून भोसरीच्या एमआयडीसीतला एक लहान स्प्रिंग कारखाना गाठला. मालकांनी माझी जुनी स्प्रिंग हातात घेऊन वजन करावं तशी तोलली, प्रेसखाली धरली आणि विचारलं, “किती खाली हवी?”

“पंचवीस मिलिमीटर.”

“का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंचवीस हा ऐकीव आकडा. एक इंच म्हणून सगळे सांगतात, म्हणून मीही सांगितला. त्यांनी पाठकोऱ्या चलनावर सोप्या आकड्यांत हिशेब मांडला. तो इथे देतो, कारण सगळ्या विषयाचं मर्म त्यात आहे.

समजा, एका स्प्रिंगवर २०० किलोचा भार आहे आणि ती दर २ किलोला १ मिमी दबते. म्हणजे उभ्या गाडीत ती १०० मिमी दबलेली. तिची मोकळी लांबी ३३० असेल तर भाराखाली २३०. तिथून चाक आणखी ७० मिमी वर येऊ शकतं, मग बंपस्टॉप. आणि जॅक लावला तर शॉकअप पूर्ण उघडेपर्यंत ६० मिमी खाली लोंबतं.

आता गाडी २५ मिमी खाली हवी. तेवढीच मऊ स्प्रिंग ठेवली तर वरची जागा ७० ची ४५ होईल आणि प्रत्येक खड्ड्यात ठोकळा वाजेल. म्हणून स्प्रिंग कडक करायची. समजा २५ टक्के, म्हणजे दर मिमीला अडीच किलो. ती २०० किलोखाली ८० मिमीच दबेल. पण गाडी खाली आल्यामुळे चाक लोंबायला आता ६० अधिक २५, म्हणजे ८५ मिमी जागा आहे. स्प्रिंग ८० मध्येच मोकळी होणार आणि उरलेल्या ५ मिमीत ती आपल्या वाटीत सैल खुळखुळणार. मोठ्या खड्ड्यात चाक लोंबलं आणि परत आदळताना स्प्रिंग वाटीत तिरकी बसली, तर पुढची गोष्ट सांगायला मी असेनच असं नाही.

“आता पंधरा करून बघा,” ते म्हणाले.

पंधरा मिमी खाली, तीच २५ टक्के कडक स्प्रिंग. लोंबायला ७५, स्प्रिंग दबलेली ८०. पाच मिमीचा ताण शिल्लक, स्प्रिंग वाटीत घट्ट. आणि वरच्या बाजूला? आधी ७० मिमी गुणिले २, म्हणजे बंपस्टॉपला टेकेपर्यंत १४० किलोचा जादा जोर. आता ५५ गुणिले अडीच, म्हणजे १३७ च्या वर. जवळपास तेवढाच. पंचवीस मिमीला हाच आकडा ११२ वर घसरत होता.

“बघा, पंधरा मिलिमीटर गाडीने सांगितलंय,” मालक म्हणाले. “पंचवीस तुम्ही सांगितलं होतं.”

मग त्यांनी तार दाखवली. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार १० टक्के जाड घेतली तर स्प्रिंग ४६ टक्के कडक होते. नुसत्या डोळ्याला दोन तारांतला फरक दिसत नाही, मणक्याला कळतो. तारेला वेढे दिले जातात, मग ती तापवून तेलात बुडवायची, पुन्हा बेताने तापवून तिचा ठिसूळपणा घालवायचा, बारीक पोलादी छर्ऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग दाबून घ्यायचा आणि शेवटी प्रेसखाली पूर्ण मिटवून सोडायची. म्हणजे जे काही खचायचं ते कारखान्यातच खचून घेतं.

कापाकापी

या सगळ्याला एक झटपट पर्याय गावोगाव चालतो. स्प्रिंगचा एक राउंड कापायचा. वेढ्याला गॅरेजमध्ये राउंड म्हणतात. ‘दीड राउंड काप’ अशी ऑर्डर चहासारखी दिली जाते. मी त्याला सरसकट नावं ठेवणार होतो. पण मालकांनी इथेही हिशेबच पुढे केला. आठ वेढ्यांतला एक कमी झाला तर स्प्रिंग १४ टक्के कडक होते आणि वरच्या आकड्यांप्रमाणे गाडी जवळपास २९ मिमी खाली येते. कागदावर वाईट नाही.

पाप कापण्याच्या पद्धतीत आणि कापलेल्या टोकात आहे. स्प्रिंगचं शेवटचं टोक वाटीत बसेल असं घडवलेलं असतं. ते कापलं की तारेचं उघडं टोक एका बिंदूवर टेकतं आणि तिथेच वाटी खातं. वर गॅसकटरने कापलं तर ज्वाळेशेजारच्या पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे तेलात बुडवून मिळवलेली सगळी कमाई त्या इंचभरात जाते. याहून भयंकर प्रकार म्हणजे गाडीवरच स्प्रिंगला ज्वाळा दाखवून ती ‘बसवायची’. असं तापवून बसवलेल्या स्प्रिंगचे दोन तुकडे मालकांनी कपाटावर ठेवले आहेत. एकाचा तुटलेला भाग करड्या दाण्यांचा, साखरेच्या खड्यासारखा. ते तुकडे ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात देतात आणि स्वतः काही बोलत नाहीत.

शॉकअपचाही प्रश्न उरतो. उडालेल्या स्प्रिंगला शांत करणं हे त्याचं काम. स्प्रिंग २५ टक्के कडक झाली तर शॉकअप साधारण १२ टक्के घट्ट लागतो, कारण इथे हिशेब वर्गमुळाचा आहे. मूळ नवा शॉकअप एवढं ओढून नेतो. कडकपणा ५० टक्के वाढवला असता तर त्याचा दम सुटला असता.

आणि मागच्या स्प्रिंगा पुढच्यांशी ठरवून घ्याव्या लागतात. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्सकडे गेलेला मॉरिस ओली हा इंग्रज इंजिनिअर १९३० च्या दशकात यावर खपला होता. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्यांना. मागची बाजू किंचित जास्त वेगाने हेलकावली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी सपाट राहते. उलटं झालं तर मागे-पुढे डुलत राहते आणि मागच्या सीटवरचं माणूस कशेडी घाटात पिशवी मागतं. आमच्याकडे ते माणूस म्हणजे धाकटा भाचा. म्हणून चारही स्प्रिंगा एकदम करून घेतल्या.

खाली आलं की काय काय हलतं

चारही बसवल्यावर गाडी शंभर किलोमीटर चालवली आणि मग अलाइनमेंटला नेली. स्ट्रटच्या गाडीत उंची बदलली की चाकाचा कल बदलतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टो बदलतो, दोन चाकांची तोंडं आत की बाहेर ते. एका चाकाचा टो फक्त एक अंश चुकला तर ते चाक प्रत्येक किलोमीटरला साडेसतरा मीटर आडवं घासत जातं. नवे टायर सहा महिन्यांत आतल्या कडेने गुळगुळीत होतात आणि लोक टायरच्या कंपनीला शिव्या देतात.

स्ट्रटचा आणखी एक खोडसाळपणा आहे. गाडी फार खाली आणली की लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर तोंड करतात. त्यामुळे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा भराभर खाली जातो. दोघांतलं अंतर म्हणजे कलण्याची तरफ, आणि ती लांबते. मऊ स्प्रिंगवर खूप खाली बसवलेली गाडी वळणावर कमी कलण्याऐवजी जास्त कलू शकते. दिसते मात्र रेसच्या गाडीसारखी. पंधरा मिमीत आमचे आर्म जवळपास आडवेच राहिले.

आणि दिवे. झेनच्या पुढच्या-मागच्या चाकांत २३३५ मिमी अंतर आहे. नुसती मागची बाजू ३० मिमी खाली आणली तर दिव्यांचा झोत ५० मीटरवर तब्बल ६४ सेंटीमीटर वर चढतो, थेट समोरच्याच्या डोळ्यांत. त्याला वाटतं आपण मुद्दाम अप्पर मारतोय. माझी गाडी पुढे-मागे सारखीच उतरली होती, तरी भिंतीसमोर उभी करून दिवे लावून घेतले.

कायदाही याच यादीत येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोर वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणलं. नियमात न बसणारा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. १५ वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी निरीक्षकासमोर उभं राहायचं असतंच. म्हणून आरटीओत मापांसह लेखी अर्ज केला, विमा कंपनीला कळवलं आणि उत्तर हाती आल्यावरच पाना लावला. जुन्या चार स्प्रिंगा ग्रीस लावून, गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवल्या आहेत.

सतरा मीटर त्रिज्या

उरला तो गल्लीतला गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं माप केव्हाच घालून दिलंय. १७ मीटर त्रिज्येचा कंस, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर. ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्याला तो त्रास देत नाही, जोरात जाणाऱ्याला देतो. मी झेनच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर त्या कंसावर मांडलं. दोन्ही चाकांच्या जोड्या उंचवट्यावर असताना मधला भाग फक्त ४ सेंटीमीटर वर येतो, कारण अख्खी गाडीच त्याच्यावर मावते. म्हणजे मापात बांधलेल्या गतिरोधकावरून माझी गाडीच काय, तिच्याहून कितीतरी खाली बसलेली गाडीही न घासता जाते.

आमचा गतिरोधक रात्री साडेदहा वाजता टेपने मोजला. रुंदी ४५ सेंटीमीटर, उंची १२. हा कंस नव्हे, ही पडलेली भिंत. याच्यावर गाडी मावत नाही, याला पायांत घेऊन उभी राहते आणि तेव्हा पोटाखाली पूर्ण १२० मिमी हवेत.

वहीत शेवटचा हिशेब केला. पाच माणसं आणि नारळ भरले की माझी गाडी मधोमध ४२ मिमी दबते, हे मोजलेलं होतं. नवी कोरी असताना १६५ उणे ४२, म्हणजे १२३. तीन मिमीने सुटली असती. गेल्या वर्षी बसलेल्या स्प्रिंगांवर १४७ उणे ४२, म्हणजे १०५. खर्रर्र. आणि आता? १५ मिमी खाली आणली म्हणून १५०. पण स्प्रिंग २५ टक्के कडक, म्हणून तेवढ्याच ओझ्याने ती ४२ ऐवजी ३४ दबणार. वर १७५/६० टायरच्या वाढलेल्या त्रिज्येचे साडेतीन मिमी. बेरीज ११९.५.

म्हणजे ‘खाली आणलेली’ माझी गाडी भरल्यावर गेल्या वर्षीपेक्षा साडेचौदा मिमी उंच राहणार होती. मामांनी पाटा वाढवून जे केलं होतं, तेच मी वेढा आखडून केलं होतं.

यंदाच्या गणपतीला निघताना हे सगळं मामांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“गतिरोधक किती म्हणालास?”

“एकशेवीस.”

“आणि तुझे?”

“एकशे साडेएकोणीस.”

“म्हणजे अर्धा कमीच.” मामांनी दार उघडलं. “थांब, उतरतो.”

ते उतरले तसे पोटाखाली पाच-सहा मिलिमीटर आले असावेत. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी चढवली. पुढची चाकं पलीकडे उतरली. मामा गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते आणि एक डोळा मिटून गाडीच्या पोटाखालचा उजेड बघत होते. मागची चाकं चढली, उतरली. आवाज आला नाही.

मामा आत येऊन बसले, पट्टा लावला. “करंगळी गेली नसती,” ते म्हणाले, “पण गेली गाडी.” आणि गल्लीचं वळण पार झाल्यावर, “पाटा वाढवला असतास तर मला उतरावं लागलं नसतं.”